बिनगावाचा संघ

मी वाचायला शिकलो ते पत्रकांवर. तलासरीच्या आमच्या घरात पुस्तकं मोजकीच होती, पण पत्रकांचे गठ्ठे धान्याच्या कणगीपर्यंत पोचलेले असायचे. बाबा मोर्च्याच्या आधी ती पाड्यापाड्यावर वाटायचे, उरलेली आई चूल पेटवायला घ्यायची, आणि या दोघांच्या मधे जो काही वेळ मिळेल त्यात मी ती वाचायचो. त्यामुळे ‘बदक’ आणि ‘मगर’ यायच्या आधी मला ‘निषेध’ यायला लागला. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहू लागलो: वनजमिनीवर, रेशनवर, आश्रमशाळेतल्या पातळ वरणावर. आमच्या भागात कुणाला कडक भाषेत चार ओळी हव्या असल्या की माझ्याकडे बोट दाखवलं जाई.

ते बोट एकदा चुकून डहाणू रोडला दाखवलं गेलं. २०१९ नुकतंच लागलं होतं. स्टेशनच्या बाहेर मोबाइलचं दुकान असलेल्या एका गृहस्थांनी मला निरोप धाडला. हे गृहस्थ एका क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते आणि दुकानातसुद्धा सगळे त्यांना अध्यक्षच म्हणत. घरी ते गुजराती बोलत, गिऱ्हाइकाशी हिंदी, आणि स्पर्धा भरवायची झाली की मराठी.

“क्रिकेट जुनं झालं,” ते म्हणाले. “आता ईस्पोर्ट. मुंबईत हॉल भरतात भाई, पोरं फोनवर खेळतात आणि लोक समोर बसून बघतात. आपल्याला डहाणूत करायचंय. पत्रक तू लिही.”

खेळ कुठला ते सांगायची गरज नव्हती. तेव्हा तालुक्यात एकच खेळ चालू होता. शंभर जण विमानातून एका बेटावर उड्या मारतात, घराघरात घुसून बंदुका गोळा करतात आणि एकमेकांना मारत सुटतात. चौघांची एक टोळी असते, आणि जी शेवटपर्यंत उरते ती जिंकते. माझं या खेळाबद्दलचं मत अध्यक्षांना ठाऊक नव्हतं. तरुणांना बेकारी विसरायला लावण्यासाठी ही गुंगीची गोळी बनवली आहे, असं मी दोन सभांत बोललो होतो आणि जेवताना धाकट्या बहिणीला रोज ऐकवत होतो. ती बारावीला होती आणि आमच्या पाड्यावरची सगळ्यात अचूक नेमबाज होती. ती म्हणायची, “दादा, तुझ्या सभेला किती लोक येतात? आमच्यात रोज शंभर असतात. आणि कुणी मधेच उठून चहाला जात नाही.”

तरी मी पत्रक लिहायला होकार दिला. कुणी पत्रक लिही म्हटलं की माझा नकार मुळात अर्धवटच असतो. पण खरं कारण बहीण होती. तिच्या टोळीत ती धरून चौघं होते: ती तलासरीची, एक मुलगा चिखल्याचा, मासेमारी करणाऱ्या घरातला, एक सरावलीचा, आणि एक मुलगी डहाणू रोडची, शिवणक्लासला जाणारी. वर्षभर ही चौघं एकत्र खेळत होती आणि त्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. चिखल्याच्या मुलाच्या आवाजामागे समुद्राचा वारा आणि सुकत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे ऐकू येत, सरावलीच्या मुलामागे मालगाडी. आमच्या पाड्यावर रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ मिळते, आणि तीही अधूनमधून गुजरातची, म्हणून बहिणीच्या आवाजामागे टाकीवरच्या बायकांची भांडणं. एवढ्यावर त्यांची ओळख पक्की होती.

“एकदा शेजारी बसून खेळायचंय आम्हाला,” बहीण म्हणाली. “एकदाच. जूनमध्ये मी नर्सिंगला सिल्वासाला जाणार, तिथल्या होस्टेलवर फोन काढून घेतात. मग सगळं बंदच.”

फोनवरच्या दोन मुलांना भेटायला डहाणूला जाते, असं तिने आईला सांगितलं असतं तर आईने तिला टाकीपर्यंतसुद्धा सोडलं नसतं. पण छापील कागदाला आमच्या घरात मान आहे. स्पर्धा आहे, पत्रक आहे, वर तारीख नि ठिकाण आहे, खाली ‘आपले नम्र’ आहे, म्हणजे काहीतरी रीतसर आहे. मी पत्रक लिहिलं की ती जाणार होती.

माझा मसुदा अध्यक्षांनी दुकानातच दुरुस्त केला. ‘स्पर्धा’च्या आधी ‘भव्य दिव्य’ घातलं. मग ‘सालाबादप्रमाणे’ घातलं. ही पहिलीच स्पर्धा आहे, असं मी म्हणालो, तर म्हणाले, ते नसलं की लोकांना खरं वाटत नाही. कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात मान्यवरांचे फोटो आले आणि खेळाचं नाव खालच्या कोपऱ्यात गेलं. शेवटी त्यांना वाटलं की खेळात फारच गोळीबार आहे, तेव्हा एखादा सामाजिक संदेश असावा. म्हणून त्याखाली ‘व्यसनमुक्त युवा, सशक्त युवा’ अशी ओळ टाकली. दिवसाचे सहा तास फोनला चिकटलेल्या पोरांच्या स्पर्धेवर ही ओळ वाचून मी गप्प बसलो. माझ्या पत्रकांच्या आयुष्यातली ती एकमेव ओळ, जिचा मी निषेध केला नाही.

प्रचारही क्रिकेटच्याच पद्धतीने झाला. रिक्षाला कर्णा बांधून मी डहाणूच्या मासळी बाजारातून फिरलो. शंभर खेळाडूंतून शेवटी एकच संघ जिवंत राहणार, असं मी ओरडत होतो. कोळंबीचे वाटे लावून बसलेल्या एका मावशीने रिक्षा थांबवली आणि विचारलं की मेलेल्यांच्या घरच्यांना कोण बघणार. मी तिला समजावलं की हे फोनमधलं मरण आहे. तिने मला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, “आणि तू शिकलेला दिसतोस, तू हे काम करतोस?” शेजारच्या दोघी हसल्या. रिक्षावाला मला बघून हसला. मी कर्णा पुढच्या चौकापर्यंत बंद ठेवला.

आणि मग नियमांचा कागद आला. आमच्या भागातल्या क्रिकेट स्पर्धा गाववार असतात. गाव तेथे एक संघ, आणि संघात फक्त त्याच गावचे खेळाडू. कधीतरी कुणीतरी वापीहून एक भाड्याचा बोलर आणला होता आणि त्यावरून स्टंपांनी मारामारी झाली होती. तेव्हापासून मैदानावर उतरायच्या आधी प्रत्येकाचं आधार कार्ड बघतात. अध्यक्षांनी तोच कागद काढला, ‘षटकां’च्या जागी ‘मिनिटं’ लिहिलं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. बाहेरगावचा खेळाडू सापडल्यास संपूर्ण संघ बाद.

बहिणीने तो कागद दोनदा वाचला. तिच्या टोळीत चार जण होते आणि चार गावं होती.

मी तिला म्हटलं, तुम्ही आपापल्या गावाकडून खेळा. ती माझ्याकडे बघतच राहिली. मला कुणी एका मोर्च्यात चार वेगवेगळ्या पक्षांचे झेंडे धर म्हटलं असतं तर मी जसं बघितलं असतं, तसं. शिवाय गावाचे संघ आधीच ठरले होते. गावाचा संघ म्हणजे गावाचा क्रिकेटचा संघ. चिखल्याच्या मुलाने गावच्या कॅप्टनला विचारलं होतं, तर कॅप्टन म्हणाला, तू बॅटिंगला कितव्या नंबरावर येतोस. विमानातून पहिली उडी ओपनिंगच्या बॅट्समननेच मारायची असं तिथे ठरलेलं होतं, आणि लपून बसायचं काम विकेटकीपरकडे होतं, कारण त्याला वाकून बसायची सवय.

मी डहाणू रोडला गेलो आणि अध्यक्षांच्या काउंटरवर तो कागद ठेवला.

“ही पोरं रोज एकत्र खेळतात,” मी म्हणालो. “तुमच्या गावाच्या संघांनी हा खेळ अजून उघडूनसुद्धा पाहिलेला नाही.”

“ते शिकतील. पण गाव पाहिजे. ट्रॉफी कुठे जाणार? मिरवणूक कुठून कुठे काढायची?”

“माझा बाप आयुष्यभर कचेरीत पुरावे देत फिरला की आम्ही याच गावचे आहोत. आता माझ्या बहिणीने पुरावा द्यायचा की तिचा दुसऱ्या गावाशी संबंध नाही?”

“तू भाषण नको करू. गिऱ्हाईक उभंय,” अध्यक्ष म्हणाले आणि एका माणसाच्या फोनला काच चिकटवायला लागले. काचेखाली बुडबुडा राहिला. तो त्यांनी अंगठ्याने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ढकलत नेला, आणि मग तो पुन्हा मधोमध आला. तोवर माझ्याकडे बघायची त्यांना फुरसत नव्हती.

नियम मोडला तो माझ्या युक्तिवादाने नव्हे, क्रिकेटनेच मोडला. स्पर्धेच्या रविवारी सकाळी हॉलवर फुग्यांची कमान लागली, खुर्च्या मांडल्या, पडद्यावर प्रोजेक्टर आला, आणि निम्मे संघ आलेच नाहीत. किनाऱ्यावरच्या एका गावात त्याच दिवशी टेनिस बॉलची स्पर्धा होती. गावाचे संघ म्हणजे क्रिकेटचे संघ, ते साहजिकच तिकडे गेले होते. बेटावर उतरायला माणसंच पुरेनात. माझी बहीण आणि तिचे तिघं दाराशी उभे होते, कारण आई पत्रकावर विश्वास ठेवून बसली होती आणि तिला परत जाऊन काय सांगायचं ते कुणालाच सुचत नव्हतं. अध्यक्षांनी खुर्च्यांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि क्रिकेटच्याच पोतडीतून तोडगा काढला. मोठ्या सामन्याआधी पत्रकार विरुद्ध पोलीस असा एखादा प्रदर्शनीय सामना होतो, ज्याचा निकाल कुणी धरत नाही. तसा हा प्रदर्शनीय संघ. खेळू दे, पण जिंकला तरी जिंकला नाही.

“चालेल,” बहीण माझ्याआधी म्हणाली. मी तोंड उघडलं होतं. तिने माझ्या पायावर पाय दिला.

चौघं एका बाकावर बसले आणि एकमेकांशी एक शब्द बोलेनात. फोनवर जो मुलगा अख्ख्या बेटाला शिव्या देत फिरायचा, तो चिखल्याचा वीर आपल्या चपलांकडे बघत होता. शिवणक्लासवाल्या मुलीने सगळ्यांना ‘अहो जाहो’ सुरू केलं. बहिणीने मधे आपली पिशवी ठेवली. पाहुणे बघायला आल्यासारखी ती चौघं बसली होती, आणि मी, कांदेपोह्यांच्या विरोधात दोन पानांचं पत्रक लिहिलेला माणूस, उभा राहून बघत होतो.

तेवढ्यात समालोचकांनी माइक हातात घेतला. पंचक्रोशीतली एकही क्रिकेट स्पर्धा या गृहस्थांशिवाय झालेली नाही. त्यांचा आवाज मैदानाबाहेरच्या चिकूच्या वाडीत बसून ऐकायचा असतो. इथे त्यांना बंद हॉलमध्ये आणलं होतं. अध्यक्षांचा पुतण्या कॉम्प्युटरवर बसून कधी या खेळाडूला तर कधी त्या खेळाडूला मोठ्या पडद्यावर दाखवत होता. प्रेक्षक पडद्यासमोर होते आणि खेळाडू पडद्याच्या बाजूला, त्यांना तो दिसू नये म्हणून खास पाठ करून बसवले होते. इतकी काळजी घेतली होती. आणि मग समालोचकांनी सुरुवात केली.

“आणि हा बघा प्रदर्शनीय संघ, निळ्या छपराच्या घरात, वरच्या मजल्यावर, खिडकीच्या डाव्या हाताला, दबा धरून बसलेला आहे. काय सुंदर क्षेत्ररक्षण.”

हॉलमधल्या प्रत्येक खेळाडूने मान वर केली आणि आपल्या फोनवर निळं छप्पर शोधलं. पुढच्या काही क्षणांत त्या घराची जी चाळण झाली ती पाहून समालोचकांना फार आनंद झाला. मग त्यांनी एका गावाच्या संघाला विहिरीमागून बाहेर काढलं, दुसऱ्याला झुडपातून. जो लपेल त्याचा पत्ता ते घर, मजला, दिशा यांसकट सांगत. या खेळात म्हणे शत्रूची पावलं कानाने ऐकायची असतात. कर्ण्यांच्या त्या गजरात पावलं कसली, शेजारचा माणूसही ऐकू येत नव्हता. वर्षभर एकमेकांचे फक्त आवाज ओळखणारी ती चौघं पहिल्यांदा शेजारी बसली होती, आणि पहिल्यांदाच त्यांना एकमेकांचं काही ऐकू येत नव्हतं.

सकाळच्या फेरीत ते कसेबसे पुढे सरकले, ते केवळ इतरांना बंदूक बदलता येत नव्हती म्हणून. जेवणाच्या सुट्टीत मी अध्यक्षांकडे गेलो आणि समालोचन थांबवा म्हणालो.

“समालोचन नाही तर ती काय स्पर्धा झाली? परीक्षा आहे का?” ते म्हणाले.

समालोचक शेजारीच वडापाव खात होते. त्यांना माझं बोलणं लागलं. “दिसतं ते सांगायचं नाही, तर मला बोलावलं कशाला? टीव्ही लावायचा होता.”

मी आयोजकांच्या मनमानीवर तिथल्या तिथे एक ठराव मांडायच्या बेतात होतो. बाकावर परत आलो तर पिशवी खाली गेली होती आणि चौघं एकदम बोलत होती. संताप फार उपयोगी असतो, हे मी कायम सांगत आलोय. चिखल्याच्या मुलाला आपली भाषा परत सापडली होती आणि शिवणक्लासवाली मुलगी त्याला ‘अरे माठ्या’ म्हणत होती.

“त्यांना लपलेलं सांगायला आवडत नाही,” बहीण म्हणत होती. “त्यांना तमाशा सांगायला आवडतो. तो दिला की ते तिकडेच बघतात.”

“तमाशा मी करतो,” चिखल्याचा मुलगा म्हणाला. “मरेन, पण सावकाश मरेन.”

अंतिम फेरीत त्याने बेटावर उतरल्या उतरल्या एक जीप मिळवली आणि उघड्या माळावर गोल गोल फिरवायला लागला. हॉर्न वाजवत. मधेच उतरून उड्या मारी, नाचे, परत जीपमध्ये बसे. पुतण्याने कॅमेरा त्याच्यावर नेला आणि तो तिथून हलेना. समालोचकांचा आवाज चढत चढत छपराला लागला. हा पाहा चिखल्याचा वाघ, मोकळ्या मैदानात, तळ्याच्या उजव्या हाताला, कुणी आहे का याला अडवणारा? होते ना. सगळ्या गावांचे संघ पत्ता ऐकून तळ्याच्या उजव्या हाताला धावले, वाटेत एकमेकांना मारत. जे पोचले त्यांना टेकडीवर झोपलेल्या तिघांनी एकेक करून टिपलं. टेकडीबद्दल समालोचकांनी अवाक्षर काढलं नाही. त्यांना ती दिसलीच नव्हती. शेवटी जीप उडाली, चिखल्याचा मुलगा मेला, समालोचकांनी त्याला श्रद्धांजली वाहिली, आणि थोड्या वेळाने बेटावर कुणीच उरलं नाही, टेकडीवरचे तीन सोडून.

हॉलमध्ये टाळ्या झाल्या. अध्यक्ष दुसऱ्या आलेल्या गावाचं नाव विजेता म्हणून जाहीर करायला माइककडे निघाले. त्याच क्षणी उद्घाटन करायला प्रमुख पाहुणे आले.

हे आमच्या भागातले एक नेते. सकाळपासून त्यांची वाट बघत नारळ आणि फीत टेबलावर पडून होते. त्यामुळे स्पर्धेचं उद्घाटन स्पर्धा संपल्यावर झालं. फीत कापली, नारळ फोडला, शालींची देवाणघेवाण झाली. मग नेत्यांनी विचारलं की जिंकलं कोण. अध्यक्ष त्यांच्या कानात नियम सांगू लागले. नेत्यांनी ते ऐकत ऐकत बाकावरच्या चौघांना बोलावलं आणि प्रत्येकाला गाव विचारलं. तलासरी. चिखले. सरावली. डहाणू रोड. निवडणूक लांब नव्हती. गावांची नावं ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडत गेला, तो मी नीट पाहिला.

“नियम माणसांसाठी असतात,” ते माइकवर म्हणाले. “चार गावं, एक संघ. हेच माझं स्वप्न होतं.”

अध्यक्षांनी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या. मी काउंटरवर ठेवलेला तोच मुद्दा होता. फक्त मी तो मांडला तेव्हा गिऱ्हाईक उभं होतं.

मग ट्रॉफी कुठे जाणार हा प्रश्न आला. सकाळी ज्यांनी या पोरांना आपलं म्हटलं नव्हतं, त्या गावांतली दोन-तीन माणसं आता स्टेजजवळ येऊन ‘आमचीच मुलगी’, ‘आमचाच पोरगा’ करू लागली. चिखल्याचा एक जण म्हणाला की गावानेच त्याला खास राखून ठेवला होता. नेत्यांनी हात वर केला. गावागावात वाद नको, म्हणून ट्रॉफी त्यांच्या कार्यालयात राहील, सर्वांसाठी खुली. फोटो निघाला. त्यात ट्रॉफीला लागलेले हात मोजून बघितले तर चौघांपैकी एकाचाही नव्हता.

हॉल रिकामा होऊ लागला. माझं डोकं तापलं होतं. मथळा तयार होता, पहिली ओळ तयार होती, ‘ट्रॉफी कुणाची?’ असा एक बाणेदार उपमथळासुद्धा सुचला होता. हे सगळं बहिणीला ऐकवावं म्हणून मी वळलो.

चौघं पुन्हा बाकावर बसले होते. हॉलचं वायफाय बंद करायचं अध्यक्षांच्या पुतण्याच्या लक्षात आलं नव्हतं. कर्णे उतरवून नेले होते. हॉलवाला माणूस खुर्च्या दुमडत दुमडत त्यांच्यापर्यंत आला, पाय वर घ्या म्हणाला, त्यांनी फोनवरची नजर न काढता पाय वर घेतले. मी बाकाच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि सुरुवात केली, की हे बघ, हा निव्वळ अन्याय आहे, उद्याच्या उद्या आपण सगळ्या गावांत एक पत्रक काढलं पाहिजे, तुमच्या चौघांच्या सहीने.

तिने डोकं वर केलं नाही.

“दादा, गप्प बस ना,” ती म्हणाली. “पावलं ऐकू येतायत.”